काकडीचं पिकल दर वर्षी मऊ पडतंय? आधी कुठलं टोक कापताय ते बघा

सलग चार उन्हाळे माझं काकडीचं पिकल, म्हणजे व्हिनेगरच्या पाण्यात जारमध्ये घालतात ते अमेरिकन लोणचं, मऊ पडलं. चव छान, वास छान, जारचं झाकणही घट्ट बसलेलं, पण दाताखाली धरली की कचकन आवाज यायच्या ऐवजी काकडी नुसती दबायची, साल एकीकडे आणि गर एकीकडे. दर वेळी रेसिपी बदलली, व्हिनेगर बदललं, एका वर्षी मीठ वाढवलं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून तुरटी घातली, आणि सप्टेंबरमध्ये जार उघडला की येरे माझ्या मागल्या. पाचव्या वर्षी कारण सापडलं, खरं तर तीन कारणं सापडली, आणि त्यानंतरच्या तिन्ही वर्षांचं पिकल शेवटच्या जारपर्यंत करकरीत राहिलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आपल्या लोणच्याच्या सवयींमुळे आपल्या हातून ज्या चुका होतात त्या इंग्रजी रेसिपी लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे त्याचं उत्तरही नसतं.

आम्ही मिशिगनला राहतो. पिकलच्या काकडीच्या बाबतीत हे राज्य अमेरिकेत अगदी वरच्या नंबरात आहे, जुलैच्या मध्यापासून बाजारात बुटक्या, खरखरीत सालीच्या, बोटभर लांबीच्या काकड्यांचे ढीग लागतात. यांना इथे कर्बी म्हणतात. आपल्या कोशिंबिरीची काकडी वेगळी, आणि सुपरमार्केटमधली लांब चकचकीत काकडी तर अजिबात नको, तिच्यावर मेण चढवलेलं असतं आणि त्यातून खारं पाणी आत शिरत नाही.

सगळ्यात आधी तुमचा मऊपणा कुठल्या प्रकारचा आहे ते नीट बघा, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट मऊ म्हणतो.

पहिला प्रकार म्हणजे काकडी दिसायला ठीक, पाणी स्वच्छ, वास चांगला, फक्त करकरीतपणा नाही. हे खाता येतं, बारीक चिरून सँडविचमध्ये नाहीतर बटाट्याच्या सॅलडमध्ये खपतं. ही पोस्ट मुख्यतः याच्याबद्दल आहे.

दुसरा प्रकार म्हणजे काकडी बुळबुळीत झालीय, हाताला चिकट लागते, झाकण वर फुगलंय, उघडताना फस्स करून पाणी उसळतंय किंवा वास बिघडलाय. हे चाखूनसुद्धा बघू नका. थोडं चाटून बघते, आंबट लागलं तर ठेवते, हे आपल्या घरच्या कैरीच्या लोणच्याला चालत आलंय, इथे चालत नाही. हवाबंद जारमध्ये आंबटपणा कमी पडला तर बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो आणि त्याचं विष डोळ्याला दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. सरळ टाकून द्या.

तिसरा प्रकार म्हणजे काकडी आतून पोकळ. बाहेरून कडक, चावली की मध्ये भोक. हा दोष आपल्या हाताचा नाही, काकडी जून झालेली असते किंवा शेतात तिला पाणी कमी-जास्त झालेलं असतं. धुताना पाण्यात टाकल्यावर ज्या काकड्या वर तरंगतात त्या बहुतेक पोकळ निघतात, त्या बाजूला काढायच्या आणि संध्याकाळी कोशिंबीर करायची.

आता माझं मुख्य कारण.

आपल्याकडे काकडी चिरताना काय करतात आठवा. देठाकडचं टोक कापायचं, तोच तुकडा त्या कापलेल्या जागी गोलगोल घासायचा, पांढरा फेस आला की धुऊन टाकायचा, म्हणजे कडूपणा जातो. माझी आई असंच करते, आजी असंच करायची, माझ्या हाताला ती सवय इतकी बसलीय की मी न बघता करते. कडूपणा देठाकडे जास्त असतो हे खरंच आहे, त्यामुळे कोशिंबिरीसाठी ती सवय बरोबर. पण पिकलला मी चारही वर्षं तेच केलं, देठाचं टोक कापलं आणि फुलाकडचं टोक तसंच ठेवलं. खरं कापायचं टोक ते होतं.

हे मला आमच्या शेजारच्या पोलिश आजींनी दाखवलं. त्या रविवारी सहज आल्या होत्या, माझ्या चाळणीतली एक काकडी उचलली, उलटी केली आणि अंगठ्याच्या नखाने खालच्या टोकावरचं काहीतरी तपकिरी खरवडून मला दाखवलं. मसुराच्या दाण्याएवढा सुकलेला चुरा. ते काकडीचं फूल होतं, वाळून चिकटून राहिलेलं. ही बाजू तू ठेवतेस? एवढंच विचारलं त्यांनी. मी चाळणीतल्या बाकीच्या बघितल्या, निम्म्यांना तरी तसं काही ना काही चिकटलेलं होतं, आणि जिथे फूल गळलं होतं तिथे फिकट रंगाचा एक खरबरीत ठिपका.

मग मी त्याच्यामागे लागून वाचलं. काकडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन, आपण जॅमच्या संदर्भात जे ऐकतो तेच. ते सुकलेलं फूल म्हणजे बुरशीचं घर, आणि त्या बुरशीतून एक एन्झाइम येतं जे नेमकं पेक्टिनच तोडतं. नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला एचेल्स आणि बेल या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात याच्यावर बरंच काम केलं, कारण तिथल्या पिकल कंपन्यांची पिंपंच्या पिंपं मऊ पडत होती. आपल्या किचनमध्ये काय होतं की काकड्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, तेवढ्या वेळात ते एन्झाइम निवांत पसरतं, आणि मीठ घालून आंबवायच्या पिकलमध्ये तर त्याला तीन-चार आठवडे मिळतात.

उपाय अगदी साधा. फुलाकडच्या टोकाची रुपयाच्या नाण्याएवढी जाड चकती कापून टाकायची, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या गाइडमध्ये एक सोळांश इंच म्हणजे साधारण दीड मिलिमीटर लिहिलंय. जास्त कापायची गरज नाही. देठ ठेवायचा असेल तर पाव इंच ठेवा, काही बिघडत नाही. कुठलं टोक फुलाचं हे कळत नसेल तर देठाकडे काडीचा तुटका भाग किंवा खोलगट गोल खूण असते, फुलाकडे निमुळतं असून मध्ये फिकट ठिपका असतो, आणि सालीवरचे फिकट पट्टे फुलाच्या बाजूने सुरू होऊन वर जातात. शंका आली तर दोन्ही टोकं कापा, पण एकच कापायचं असेल तर फुलाचं.

मी खात्री करायला त्या वर्षी सहा जार केले, तीन फुलाचं टोक कापून आणि तीन न कापता, काकड्या त्याच, मीठ-व्हिनेगर तेच, झाकणावर मार्करने खूण केली. पाच आठवड्यांनी दोन्हीतला एकेक उघडला. फरक एवढा होता की नवऱ्याला डोळे मिटून खायला दिलं तरी त्याने बरोबर ओळखलं. पण तरी, खरं सांगायचं तर कापलेली काकडीसुद्धा मनासारखी करकरीत नव्हती, चांगली होती पण कडक नव्हती. म्हणजे दुसरं काहीतरी शिल्लक होतं.

ते दुसरं म्हणजे उष्णता.

काकडी भरलेले जार उकळत्या पाण्यात ठेवायचे ते आतले जंतू, यीस्ट, बुरशी मारायला आणि झाकण हवाबंद बसायला. ते टाळता येत नाही. पण काकडीला लागते ती उष्णता फक्त त्या दहा मिनिटांची नसते, पातेल्यात जार ठेवल्यापासून ते थंड होईपर्यंत सगळी मोजायची. मी काय करायचे, मोठ्या कॅनरमध्ये, म्हणजे जार बुडवून उकळायच्या खोल पातेल्यात, गार पाण्यात नऊ जार एकदम बसवायचे, आमचा बर्नर काही फार मोठा नाही, पाणी उकळायलाच अर्धा तास लागायचा, मग दहा मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण तसंच ठेवून मी मुलांना झोपवायला जायचे आणि तासाभराने येऊन जार काढायचे, आणि काढून एकमेकांना खेटून ठेवून वर जाड टॉवेल पांघरायचे, काचेला गार वारा लागून तडा जाऊ नये म्हणून. आता लिहितानाच कळतंय की मी काकड्या शिजवत होते.

आता असं करते. जार भरायच्या आधीच कॅनरमधलं पाणी चांगलं गरम करून ठेवते, गरम खारं पाणी ओतलेले गरम जार त्यात जातात, त्यामुळे पाणी लवकर परत उकळतं आणि वेळ तिथपासून मोजायचा. एका वेळी चार किंवा पाचच जार. वेळ संपली की गॅस बंद, झाकण काढायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि जार बाहेर. लाकडी पाटावर किंवा सुती कापडावर, दोन जारमध्ये किमान इंचभर अंतर, वर काही पांघरायचं नाही. फॅनखाली नको, गार पाण्यात तर नकोच, काच फुटते. एवढ्या बदलाने फरक पडतो.

आणि याच्याही पुढची युक्ती म्हणजे कमी तापमानावर पाश्चरायझेशन, जी मला वाटतं करकरीतपणा हवा असणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी. यात पाणी उकळूच द्यायचं नाही. कॅनर कोमट पाण्याने अर्धा भरायचा, १२० ते १४० फॅरेनहाइटच्या आसपास, जार ठेवायचे, वरून गरम पाणी घालून जारच्या झाकणावर इंचभर पाणी येईल असं करायचं, आणि मग पाणी १८० ते १८५ फॅरेनहाइट म्हणजे ८२ ते ८५ सेल्सिअसवर पूर्ण ३० मिनिटं ठेवायचं. १८५ च्या वर गेलं की काकडी उगाचच मऊ पडते, १८० च्या खाली गेलं तर जंतू मरतील याची खात्री नाही. त्यामुळे थर्मामीटर लागतोच, अंदाजाने होत नाही. मी ती तीस मिनिटं खरोखर गॅससमोर उभी राहते, एक हात बर्नरच्या खुंटीवर, १८३ ला आलं की किंचित कमी, १८१ झालं की किंचित जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुमच्या गॅसची सवय होते. फक्त ही पद्धत ज्या रेसिपीत स्पष्ट लिहिली असेल तिलाच वापरायची, काकडीला चालली म्हणून बीट आणि बीन्सला परस्पर लावू नका.

वेळेबद्दल एक गोष्ट, जी पुण्याच्या मैत्रिणीशी बोलताना लक्षात आली. उकळत्या पाण्याची दहा मिनिटं ही समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंतची. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून १००१ ते ६००० फुटांपर्यंत पाइंट (साधारण अर्धा लिटर) जारला १५ मिनिटं आणि त्याच्या वर २० मिनिटं, आणि क्वार्टचा (साधारण एक लिटरचा) मोठा जार असेल तर प्रत्येकात आणखी ५ मिनिटं. पुणे साधारण १८०० फुटांवर आहे, नाशिक त्याहून थोडं वर, म्हणजे तिथे १५ मिनिटं, मुंबई-गोव्याला १० पुरतात. डेन्व्हरवाल्यांनी १५ धरा. आणि प्रेशर कुकरच्या शिट्ट्या काढायच्या नाहीत, काकडीचं भरीत होईल.

तिसरं कारण काकडीचं वय. आम्ही शनिवारी सकाळी बाजारातून आणायचो आणि रविवारी रात्री सगळी कामं आवरली की मी पिकलला बसायचे. किचनमध्ये छत्तीस तास पिशवीत. तोडल्यापासून २४ तासांच्या आत पिकल घालायचं हा नियम मी वाचला होता पण तो सिरियसली घेतला नव्हता. आता विकणाऱ्याला विचारते की कधी तोडल्यात, आणल्या की त्याच दिवशी घालते, आणि मध्ये वेळ जाणारच असेल तर न धुता फ्रीजमध्ये ठेवते. बर्फाच्या पाण्यात चार-पाच तास ठेवलं तर थोडा तजेला येतो, पण लिबलिबीत झालेली काकडी त्याने परत करकरीत होत नाही. हाताने वाकवून बघा, वाकली तर घेऊ नका, कट्कन मोडली तर घ्या.

आता तुरटी आणि चुना, कारण हे प्रश्न सगळे विचारतात आणि दोन्ही आपल्या घरातल्या वस्तू असल्यामुळे आपण बिनधास्त वापरतो.

तुरटी जुन्या अमेरिकन रेसिपींमध्ये होती. व्हिनेगर ओतून लगेच कॅनिंग करायच्या, म्हणजे जार तापवून हवाबंद करायच्या पिकलला तिचा कडकपणासाठी काही उपयोग होत नाही, मी एक वर्ष घालून बघितली, काकडी मऊ ती मऊच आणि वर तुरट चव. सोडून द्या. चुन्याचं वेगळं आहे, चुना खरंच काम करतो. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात ना, तेच तत्त्व, कॅल्शियम पेक्टिनला जाऊन बांधतं आणि फोड टणक होते. पण चुना आम्लाला मारतो. काकडीत चुना राहिला तर व्हिनेगरचा आंबटपणा कमी होतो आणि आपलं सगळं संरक्षण त्या आंबटपणावरच आहे. त्यामुळे वापरायचा असेल तर खाण्यासाठीचा, फूड ग्रेडच, आणि भिजवून झाल्यावर पाणी काढून, धुऊन, ताज्या पाण्यात तासभर ठेवायचं, आणि हे धुणं-भिजवणं असं एकूण तीन वेळा. पानाच्या डबीतला चुना थेट जारमध्ये घालणं हे कृपा करून करू नका. मी स्वतः चुना वापरत नाही, कॅल्शियम क्लोराइड वापरते, इथे कॅनिंगच्या सामानाजवळ पिकल क्रिस्प नावाने मिळतं. ते आम्ल कमी करत नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढी चिमूट जारमध्ये टाकली की झालं.

द्राक्षाचं पान घालतात त्यालाही आधार आहे, त्यातलं टॅनिन त्या एन्झाइमला अडवतं. पण फुलाचं टोक कापलं असेल तर पानाची गरज उरत नाही. पोलिश आजी त्यांच्या मातीच्या भांड्यात हॉर्सरॅडिशचं आणि चेरीचं पान घालतात, ते मात्र मी चवीसाठी घेते.

व्हिनेगरबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. चवीला आंबट लागतं म्हणून पाणी वाढवू नका. कैरीच्या लोणच्यात कैरी स्वतःच आंबट असते, वर मीठ भरपूर, वर तेलाचा थर, तिथे आपला हात जरा इकडे-तिकडे झाला तरी निभावतं. काकडीत स्वतःचा आंबटपणा जवळपास नाही, सगळं व्हिनेगरवर आहे, आणि जारमधला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली राहायलाच हवा. आंबट कमी हवं असेल तर साखर थोडी वाढवा. व्हिनेगर ५ टक्के आम्लाचं पाहिजे, बाटलीवर लिहिलेलं असतं. भारतात दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर ४ टक्के असतं, म्हणून तिकडच्या मैत्रिणींना मी सांगते की ५ टक्केवालं मिळालं नाही तर कॅनिंग करून कपाटात ठेवूच नका, तेच पिकल करून फ्रीजमध्ये ठेवा आणि थोड्या आठवड्यांत संपवा. फ्रीजचं पिकल उकळावं लागत नाही, त्यामुळे ते सगळ्यात करकरीत होतं.

मी जे प्रमाण वापरते ते कृषी खात्याच्या गाइडमधल्या डिल पिकलचं निम्मं आहे. साधारण पावणेदोन-दोन किलो काकडी, तीन ते पाच इंच लांबीची. फुलाची टोकं कापून, चार लिटर पाण्यात सहा मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात बारा तास. मीठ पिकलिंगचं, साध्या टेबल सॉल्टमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात त्याने पाणी गढूळ होतं. सकाळी निथळायचं. मग ३ कप व्हिनेगर, ४ कप पाणी, पाव कप मीठ, दोन मोठे चमचे साखर, आणि पातळ कापडात बांधून एक मोठा चमचा पिकलिंग मसाला, हे उकळायचं. प्रत्येक पाइंट जारमध्ये एक छोटा चमचा मोहरी आणि शेपूचे दीड तुरे. हो, डिल म्हणजे आपला शेपूच, फक्त आपण भाजीला कोवळा घेतो आणि इथे तो फुलावर येऊ देतात. तुरे मिळाले नाहीत तर दीड छोटा चमचा बाळंतशोपा घाला, ते शेपूचंच बी आहे, माझ्याकडे आईने बाळंतपणात पाठवलेली पुडी होती, तीच मी पहिल्यांदा वापरली आणि वास तंतोतंत तोच आला. काकड्या उभ्या दाबून भरायच्या, ते उकळतं व्हिनेगरचं पाणी ओतायचं, वर अर्धा इंच जागा, आतले बुडबुडे प्लास्टिकच्या पट्टीने काढायचे, जारची कड ओल्या कापडाने पुसायची, झाकण, आणि रिंग फक्त बोटांच्या जोराने बसेल एवढीच. जोर लावून आवळली तर आतली हवा बाहेर पडत नाही. असे चार पाइंट होतात. मग उकळत्या पाण्यात किंवा १८० ते १८५ वर, वर लिहिलंय तसं.

उघडायची घाई करू नका, चार-पाच आठवडे मुरू द्या. आणि ठेवायची जागा गार पाहिजे. आमचे सुरुवातीचे जार गॅरेजमध्ये असायचे, ऑगस्टमध्ये तिथे भट्टी होते, त्यानेही मऊपणात भर पडली असणार. आता बेसमेंटमध्ये असतात.

मीठ घालून आंबवायचं पिकल मऊ पडत असेल तर फुलाचं टोक तर बघाच, पण खोलीचं तापमानही बघा. ७० ते ७५ फॅरेनहाइट म्हणजे २१ ते २४ सेल्सिअसला ते तीन-चार आठवड्यांत छान होतं, ८० च्या वर म्हणजे २७ सेल्सिअसला काकडी मऊ पडते. मुंबईत ओट्यावर ते का जमत नाही हे यावरून कळेल. काकडी पाण्याच्या वर डोकं काढता कामा नये, वर ताटली आणि वजन ठेवायचं, आणि वर जो पांढरा थर येतो तो रोज काढायचा, कारण त्यातल्या यीस्ट आणि बुरशीनेही मऊपणा येतो आणि आम्लही कमी होतं.

बाकी लहानसहान तक्रारी. लसूण निळा-हिरवा झाला तर घाबरू नका, लसणातल्या गंधकाच्या घटकांचा आम्लाशी संबंध येऊन रंग येतो, खायला चालतो. काकडी सुरकुतली तर मीठ, साखर किंवा व्हिनेगर एकदम कडक झालंय. काकडी काळपट झाली तर पाण्यातलं लोखंड बघा, विहिरीच्या पाण्यावर असणाऱ्यांना हे फार होतं. जड पाणी असेल तर पंधरा मिनिटं उकळून, झाकून चोवीस तास ठेवून, वरची साय काढून, तळाचा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या.

आणि झाकण. जार बाहेर काढल्यावर थोड्या वेळाने टिक् असा बारीक आवाज येतो, झाकण आत ओढलं गेलं की. आमची धाकटी ते आवाज मोजत बसते. चार जार ठेवले आणि तीनच आवाज आले तर लगेच काही करायचं नाही, १२ ते २४ तास हात न लावता ठेवायचं, मग झाकणाच्या मध्यावर बोट दाबून बघायचं. खाली-वर झालं तर ते बसलेलं नाही. २४ तासांच्या आत नवीन झाकण लावून पुन्हा प्रोसेस करता येतं, पण काकडी दुसऱ्यांदा तापते आणि हमखास मऊ होते, म्हणून मी तसं करत नाही. तो जार सरळ फ्रीजमध्ये जातो आणि आधी तोच संपतो.